एमिलीच्या खोलीतल्या कुंड्या

आमच्या सासूबाईंना लकवा झाला, तेव्हा त्यांची खाट आम्ही मागच्या अंधाऱ्या खोलीतून आमच्या झोपायच्या खोलीत, खिडकीपाशी आणली. उजवी बाजू गेलेली, बोलणं तोंडातल्या तोंडात. जन्मभर अंगणात वावरलेली बाई. पहाटे उठून सडा, तुळशीला पाणी, परडीभर जास्वंद. आणि आता दिवसभर डोळ्यांसमोर काय, तर वर गरगरणारा पंखा आणि भिंतीवरचं कॅलेंडर. चौथ्या की पाचव्या दिवशी मी जॅमच्या रिकाम्या बाटलीत मनीप्लांटचा एक वेल खोचला आणि खिडकीत ठेवला. फार विचार करून ठेवला असं नाही, खरं सांगते. ओट्यावर जागा नव्हती म्हणून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आईंनी मान त्या बाजूला वळवलेली. डॉक्टर आठ दिवस सांगत होते की मान दोन्हीकडे वळवत जा, आणि आई काही ऐकत नव्हत्या.

मग मला चेवच आला. महिन्याभरात त्या खिडकीत विहिरीजवळून उपटून आणलेला नेचा आला, शेजारच्या वहिनींनी दिलेलं स्नेक प्लांट आलं, अनंताची एक कुंडी आली. समाचाराला येणाऱ्या बायकांनी मात्र नाकं मुरडली. आजारी माणसाच्या उशाशी झाडं ठेवू नयेत, रात्री ती वाईट हवा सोडतात, असं तिघी-चौघींनी तरी बजावलं. मी घाबरलेच. पण मैत्रिणींनो, ही भीती काही आपल्याकडचीच नाही. दीड शतकापूर्वी इंग्लंडातही रात्र झाली की रोग्यांजवळची फुलं उचलून नेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं शुश्रूषेवरचं पुस्तक १८५९ साली निघालं, त्यात तिने या समजुतीची चांगलीच टर उडवली आहे. झाडं रात्री श्वास घेतात हे खरं, पण चार कुंड्यांचा श्वास तो केवढा! शेजारी झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि त्याला काही आपण रात्री उचलून बाहेर ठेवत नाही. (हे मी आमच्या ह्यांना ऐकवलं. ते हसले नाहीत.) नर्सरीवाले याच्या उलट सांगतात, की अमुक झाडाने खोलीतली हवा शुद्ध होते. तेही फार मनावर घेऊ नका. तेवढा फरक पडायचा तर खोलीत इतकी झाडं लागतील की माणसाला उभं राहायला जागा उरणार नाही. हवेसाठी खिडकी उघडावी. झाड डोळ्यांसाठी.

त्या दिवसांत रात्री आईंना कूस बदलून द्यायला दोन-तीनदा उठावं लागे आणि नंतर झोप येत नसे. अशाच एका रात्री मोबाइलवर भाचीने पाठवलेले फोटो पाहत बसले होते. ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात शिकायला आहे. तिथल्या अ‍ॅमहर्स्ट नावाच्या गावी एक जुनं घर आहे, आता ते संग्रहालय झालंय. ते पाहून आली होती. एक झोपायची खोली. गुलाबाच्या फुलांचा भिंतकागद, लाकडी पलंग, खिडकीशी एवढंसं टेबल. खाली तळमजल्यावर काचेची एक चिंचोळी खोली, कुंड्यांनी भरलेली. आणि भाचीने लिहिलं होतं की मावशी, तुझी एमिली.

माझी एमिली म्हणजे एमिली डिकिन्सन. बी.ए.ला इंग्रजी होतं तेव्हा तिच्या दोन कविता अभ्यासाला होत्या. शिकवताना आम्हाला सांगितलं गेलं की बाई विक्षिप्त होती, लग्न केलं नाही, पांढरे कपडे घालायची, स्वतःच्या खोलीतून बाहेर यायची नाही. वर्गात सगळ्या हसल्या, मीही हसले. परीक्षेत पाच मार्कांचं टिपण लिहिलं आणि विसरून गेले. पंचवीस वर्षांनी, रात्री अडीच वाजता, खाटेशेजारी बसून तो फोटो पाहताना पहिल्यांदा वाटलं की ही बाई त्या खोलीत नक्की करत काय होती? मग तालुक्याच्या वाचनालयातून, भाचीकडून, मिळेल तिथून वाचत गेले. त्यातून जी एमिली मला दिसली ती सांगते.

ती जन्मली १० डिसेंबर १८३० रोजी, त्याच अ‍ॅमहर्स्टच्या घरात. बोस्टनपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरचं हे लहान गाव, सगळे सगळ्यांना ओळखणारं, म्हणजे आपल्यासारखंच. आजोबांनी बांधलेलं विटांचं मोठं घर. वडील एडवर्ड नामांकित वकील, गावातल्या कॉलेजचे खजिनदार, पुढे अमेरिकेच्या काँग्रेसवरही निवडून गेले. शिस्तीचे, करारी. आई अबोल, घरात बुडालेली, पण हाताला बागेचा गुण. त्या थंडीच्या मुलखात अंजीर पिकवून दाखवायची. थोरला भाऊ ऑस्टिन, धाकटी बहीण लव्हिनिया. एमिली मधली.

शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवत. मुलींना हा विषय शोभतो असं तेव्हा तिकडे मानत. एमिली त्यात रमली. रानात हिंडून झाडापानांचे नमुने आणायचे, वहीच्या पानांत दाबून वाळवायचे, कागदाच्या पट्ट्यांनी चिकटवायचे आणि खाली नाजूक अक्षरात लॅटिन नाव लिहायचं. शाळकरी वयात तिने ६६ पानांवर ४२४ नमुने लावले. ही वही आज हार्वर्ड विद्यापीठात आहे आणि पान न् पान इंटरनेटवर पाहता येतं. मुलीने मला मोबाइलवर उघडून दिली. पहिल्याच पानावर काय असेल? आपल्या जाई-जुईच्या कुळातलं एक झाड! अ‍ॅमहर्स्टच्या बर्फात ते बाहेर जगणं शक्यच नाही, कुणाच्या तरी घरात कुंडीत असणार. म्हणजे घरात वाढवायच्या झाडांशी तिचं नातं तेव्हापासूनचं. चौदा वर्षांची असताना मैत्रिणीला पत्रातून विचारते की तू वही केलीस का, नसलीस तर कर, माझ्याकडून नमुने पाठवते. आमच्या लेकी चौदाव्या वर्षी एकमेकींना काय पाठवतात ते तुम्हाला माहीतच आहे.

पुढे १८४७ मध्ये माउंट होल्योक इथल्या मुलींच्या विद्यालयात गेली, पण वर्षभराच्या आत परत आली. तिथे धर्मश्रद्धेची जाहीर कबुली देण्याचा आग्रह होता, तिने ती कधीच दिली नाही. घरी परतली ती कायमचीच.

मधली काही वर्षं डिकिन्सन कुटुंब गावातल्या दुसऱ्या घरात राहत होतं. १८५५ मध्ये वडिलांनी जुनं घर परत विकत घेतलं, डागडुजी केली आणि आग्नेय कोपऱ्यात, आपल्या अभ्यासिकेला लागून, काचेची एक खोली काढली. मुलींच्या झाडांसाठी. जेमतेम सहा फूट रुंद, अठरा फूट लांब. आपल्याकडच्या गॅलरीएवढी म्हणा ना. याच वडिलांबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं की ते कडक होते, मुलींनी नाव छापून मिरवावं हे त्यांना रुचलं नसतं. असेल. पण मुलीच्या कुंड्यांसाठी घराची भिंत फोडणारा बापही तोच. माणसं अशी एका रंगाची कुठे असतात?

तिथला हिवाळा म्हणजे चार-पाच महिने बर्फ. बागेत काडी दिसत नाही. त्या दिवसांत एमिलीच्या काचेच्या खोलीत नेचे असायचे, जाई असायची, हेलिओट्रोप नावाचं व्हॅनिलासारख्या वासाचं जांभळं फूल असायचं, टांगलेल्या टोपल्यांतून आपल्या आंबुशीच्या जातीच्या वेली खाली सुटलेल्या असायच्या. आणि गार्डेनिया. गार्डेनिया म्हणजे आपला अनंत! हे वाचलं तेव्हा मी उठून खिडकीतल्या कुंडीकडे बघून आले. शेजारच्या अभ्यासिकेतल्या शेगडीची ऊब दारातून तिकडे जायची, तेवढ्यावर ही झाडं तगायची. पाणी घालायला तिने स्वतःच्या कल्पनेने एक छोटी झारी करवून घेतली होती, किड्याच्या मिशीसारखी लांब बारीक चोच असलेली, म्हणजे गर्दीतल्या मागच्या कुंडीच्या बुडाशी नेमकं पाणी पडावं आणि पानं भिजू नयेत. मीही तसं करून पाहिलं. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात सलाइनच्या नळीचा तुकडा खोचला. आजारपणाच्या घरात नळी काय, मिळतेच. छान चालतं. खाटेवर एक थेंब सांडत नाही.

खालच्या काचेच्या खोलीतून झाडं वर तिच्या झोपायच्या खोलीतही जायची. ही खोली नैर्ऋत्य कोपऱ्यातली, दोन खिडक्या दक्षिणेला रस्त्यावर, दोन पश्चिमेला भावाच्या घराकडे उघडणाऱ्या. हिवाळ्याच्या शेवटी या खिडक्यांत हायसिंथच्या कुंड्या लागत. हायसिंथ म्हणजे निशिगंधासारखा कंद असतो आणि रंगीत, घमघमणारा तुरा येतो. गंमत अशी की हा कंद काही आठवडे थंडीत, अंधारात ठेवल्याशिवाय फुलतच नाही. मग उजेडात आणि उबेत आणला की त्याला वाटतं वसंत आला. एमिली असे कंद शरदात कुंड्यांत लावून थंड जागी ठेवायची आणि बाहेर बर्फ असतानाच वर खिडकीत आणायची. बाहेर सगळं पांढरं, आणि आत खिडकीभर गुलाबी, निळी, जांभळी फुलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना नक्कीच दिसत असणार.

या खिडकीजवळच ते टेबल. जेमतेम दीड फूट चौरस, शाळकरी मुलालाही लहान पडेल असं. त्याच्यावर तिने आयुष्यभरात जवळजवळ १८०० कविता लिहिल्या. दिवसा घरकाम, लिहिणं बरंचसं रात्री, दिव्याच्या उजेडात. ऑस्टिनची मुलगी मार्था हिने मोठेपणी एक आठवण लिहून ठेवली आहे. एमिलीआत्या तिला आपल्या खोलीत घेऊन गेली, दार लावलं, हातात नसलेली किल्ली कुलपात फिरवल्यासारखं केलं आणि भाचीला सुचवलं की एवढं केलं की झालं, मोकळे. ही गोष्ट मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत सांगितली. पंधरा-सोळा बायका होत्या. एरवी मी काही सांगू लागले की कुजबुज चालू असते, त्या दिवशी कुणी बोललं नाही. नंतर एकीने हळूच विचारलं की तिच्या खोलीला खरंच आतून कडी होती का. आमच्या गटातल्या निम्म्या बायकांच्या घरात झोपायची खोली अशी वेगळी नाहीच. असली तरी तिथे कपाट नवऱ्याचं, टीव्ही मुलांचा, भिंतीवरचे देव सासूबाईंचे. आपलं काय, तर एक उशी.

पण आम्हाला शिकवलं होतं तशी ती खोलीत कोंडलेली किंवा रिकामटेकडी बाई मुळीच नव्हती. घरात रोजचा ब्रेड तीच भाजायची, कारण वडिलांना दुसऱ्या कुणाच्या हातचा आवडत नसे. १८५६ मध्ये गावच्या प्रदर्शनात तिच्या राय आणि मक्याच्या ब्रेडला दुसरं बक्षीस मिळालं. नारळाच्या केकची तिने लिहून ठेवलेली कृती मिळाली आहे आणि त्याच कागदाच्या पाठीवर कविता आहे. चॉकलेटचं वेष्टण, पाकिटांच्या पाठी, किराण्याचे कागद, जे हाताला लागेल त्यावर तिने लिहिलंय. गल्लीतली मुलं खिडकीखाली जमली की वरून दोरीला टोपली बांधून त्यांना आल्याचा केक सोडायची. तिच्या त्या पांढऱ्या पोशाखालाही खिसा आहे! बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात म्हणून आपण आजही भांडतो.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, जी तिच्या चरित्रांत पुष्कळदा कोपऱ्यात पडते. १८६९ पासून या घरात मार्गारेट मेहर नावाची आयरिश बाई कामाला होती. तीस वर्षं राहिली. धुणं, चुली, जिने, पाहुणे, सगळं तिच्या अंगावर. एमिलीच्या कवितांच्या वह्या तिच्या ट्रंकेत ठेवलेल्या असत. एमिलीला रात्री लिहायला आणि सकाळी कुंड्यांपाशी रेंगाळायला जो वेळ मिळाला, त्यातला बराचसा मार्गारेटच्या हातांनी मिळवून दिलेला होता. मार्गारेटच्या खोलीत खिडकीत कुंडी होती का, कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. माझं हे असं होतं, गोष्ट कुणाची का असेना, मला कामवाली बाई आधी दिसते.

१८६२ च्या सुमारास ती झपाटल्यासारखी लिहीत होती. त्या आणि पुढच्या वर्षात मिळून शेकडो कविता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने टॉमस हिगिन्सन या लेखकाला काही कविता पाठवून विचारलं की यात जीव आहे का. त्याने उत्तर दिलं, कौतुक केलं, पण छापायची घाई करू नये असं सुचवलं. पत्रव्यवहार मात्र आयुष्यभर चालला.

आणि मग डोळे गेले. गेले म्हणजे उजेड सहन होईना. १८६४ मध्ये आणि पुन्हा १८६५ मध्ये, दोन्ही वेळा वसंतापासून शरदापर्यंत, तिला उपचारासाठी बोस्टनजवळ चुलत-मावस बहिणींकडे राहावं लागलं. वाचायला बंदी, लिहायलाही. तिच्यासारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नसेल. पाठीमागे झाडं बहिणीच्या हवाली होती. पहिल्या मुक्कामानंतर घरी आली तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे तिने दुसरं काहीच केलं नाही, नुसती आपल्या रोपांची समजूत काढत बसली, असं तिच्या एका पत्रावरून कळतं. ती हळूहळू हसू लागली, असंही तिला वाटलं. मी हे वाचलं आणि मला आमची आठवण झाली. आईंना दवाखान्यात ठेवलं होतं त्या तीन आठवड्यांत अंगणातल्या तुळशीला कुणीच पाणी घातलं नव्हतं. घरी आल्या आल्या आईंनी डाव्या हाताने पहिली खूण केली ती अंगणाकडे. आम्हाला वाटलं बाहेर न्या म्हणतात.

तिशीनंतर एमिलीचं बाहेर जाणं कमी कमी होत गेलं आणि चाळिशीच्या आसपास ती घराचं कुंपण क्वचितच ओलांडायची. का, याबद्दल शंभर तर्क आहेत, त्यात मी पडत नाही. पण ती माणसांपासून तुटली म्हणतात, ते काही मला पटत नाही. कुणाकडे बाळंतपण असो, आजार असो, मृत्यू असो, तिच्याकडून फुलं जायची. बागेतली नाहीतर काचेच्या खोलीतली, आणि सोबत दोन-चार ओळींची चिठ्ठी. कधी चिठ्ठीतच कविता. समाचाराला आपण हात हलवत जात नाही, तसं तिचं. फक्त ती स्वतः जायची नाही, झाड जायचं. गावात तिची ओळख फुलं वाढवणारी बाई अशीच होती. कविता हयातीत दहाएकच छापल्या गेल्या, त्याही नावाशिवाय. १८७० च्या ऑगस्टमध्ये हिगिन्सन पहिल्यांदा भेटायला आला, तेव्हा ती पांढऱ्या पोशाखात जिना उतरून आली आणि ओळख म्हणून त्याच्या हातात लिलीची दोन फुलं ठेवली. माझ्या मते ही अगदी सरळ गोष्ट होती. पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला आपण नाही का हळदीकुंकू नाहीतर गुळपाणी पुढे करत?

तिच्या आयुष्याचा पुढचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो, आणि नेमका तोच लोक भरभर उरकतात. जून १८७४ मध्ये वडील बोस्टनला अचानक वारले. त्यानंतर बरोबर वर्षाने आईला अर्धांगाचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. ते दुखणं सात वर्षं चाललं. नोव्हेंबर १८८२ मध्ये आई गेली तोवर एमिली आणि लव्हिनिया, दोघी बहिणी तिची शुश्रूषा करत होत्या. भरवणं, वाचून दाखवणं, कूस बदलणं, समजूत घालणं. आधी आईशी फारसं न जमणाऱ्या एमिलीला या वर्षांत आई कळली. आई लहान मूल झाली तेव्हा माया आली, अशा अर्थाचं तिने नंतर लिहिलं आहे. सात वर्षं हो! जगातली एवढी मोठी कवयित्री, तिच्या सात वर्षांच्या रात्री अशा गेल्या. ज्या लोकांना तिच्या खोलीबाहेर न येण्याचं एवढं गूढ वाटतं, त्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस कधी सांभाळलं नसावं. आम्हीही अडीच वर्षं कुठे गेलो नाही. आम्हाला कुणी गूढ म्हटलं नाही.

आईंच्या दुखण्यात मी काही कविता लिहिल्या नाहीत. कुंड्या मात्र शिकले. स्नेक प्लांट अंधारातही तग धरतं, त्याला पाणी कमीच लागतं, पंधरा दिवस विसरलात तरी चालतं. नेच्याला उलट, पंख्याचा वारा लागला की पानांच्या कडा करपतात, त्याला पंख्यापासून लांब, ओलसर कोपरा हवा. डिफेनबेकिया दिसायला देखणं, पण घरात रांगतं मूल असेल तर मुळीच नको, पान चावलं की जीभ सुजते. मनीप्लांटच्या बाटलीतलं पाणी आठवड्याला बदलायचं. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, आशाताईंनी शिकवलं. डेंग्यूच्या दिवसांत घरोघर पाणी तपासत आल्या, बाटली उजेडाकडे धरली आणि आत वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. मी स्वतः पाच वर्षं डेंग्यूच्या जनजागृती फेरीत पुढे चालणारी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि अनंताचं म्हणाल, तर त्याने माझा अंत पाहिला. कळ्या यायच्या आणि फुटायच्या आधी टपाटप गळायच्या. जागा बदलली की रुसतो, उजेड कमी पडला की रुसतो, पाण्याची वेळ चुकली की रुसतो. एमिलीने त्याला बर्फाच्या मुलखात फुलवलं होतं, म्हणजे तिचे डोळे आणि हात रोज किती वेळा त्याच्याकडे जात असतील याचा अंदाज करा.

१८८३ मध्ये भावाचा धाकटा मुलगा गिल्बर्ट आठ वर्षांचा होऊन तापाने गेला. एमिलीचा तो फार लाडका. त्यानंतर तिची प्रकृती जी ढासळली ती सावरली नाही. १५ मे १८८६ रोजी, ५५ व्या वर्षी, ती त्याच घरात वारली. तिची पेटी पांढरी होती. लव्हिनियाने तिच्या हातात हेलिओट्रोपची फुलं ठेवली, तिच्याच आवडीची, व्हॅनिलाच्या वासाची. पुढच्या दाराने रस्त्यावरून न नेता, घरच्या आवारात काम करणाऱ्या आयरिश गड्यांनी तिला मागच्या दाराने, बागेतून, पिवळ्या रानफुलांच्या कुरणातून दफनभूमीकडे नेलं.

त्यानंतर लव्हिनियाला तिच्या खोलीत हाताने शिवलेल्या लहान लहान वह्या सापडल्या. चाळीसच्या आसपास. सुटे कागद वेगळेच. बहीण लिहिते हे तिला ठाऊक होतं, इतकं लिहिलंय हे नव्हतं. एकाच छपराखाली पन्नास वर्षं! एमिलीने सांगून ठेवल्याप्रमाणे तिला आलेली पत्रं लव्हिनियाने जाळली, पण कवितांबद्दल तसं काही सांगितलेलं नव्हतं. ही अर्धशिक्षित म्हणून हिणवली गेलेली, मांजरं पाळणारी धाकटी बहीण मग हात धुऊन मागे लागली. आधी भावजयीकडे गेली, तिथे काम पुढे सरकेना, मग मेबल लूमिस टॉड या बाईकडे गेली, हिगिन्सनला गाठलं, आणि १८९० मध्ये पहिलं पुस्तक काढूनच थांबली. दोन वर्षांत ते अकरा वेळा छापावं लागलं. लव्हिनियाने कुंड्यांना पाणी घातलं तसं कवितांनाही घातलं म्हणायचं.

ती काचेची खोली पुढे १९१६ मध्ये पाडली. कुणीतरी शहाणपणा करून तिच्या खिडक्यांच्या चौकटी मात्र जपून ठेवल्या होत्या. त्याच वापरून २०१७ मध्ये खोली पुन्हा त्याच जागी उभी केली. वरच्या झोपायच्या खोलीचंही तसंच. जुन्या भिंतकागदाचे तुकडे सापडले, त्यावरून नवा छापून २०१५ मध्ये ती पूर्वीसारखी केली. भाचीने फोटो पाठवले ते हेच.

आमच्या आई मागच्या वर्षी गेल्या. शेवटचे काही दिवस बोलणं पूर्ण बंद होतं, पण सकाळी मी पडदा सारला की डोळे खिडकीकडे जायचे, आणि मनीप्लांटला नवं पान आलं असेल तर माझ्याकडे बघायच्या. मी मोठ्याने किती पानं झाली ते सांगायची. एकतीस झाली होती. दिवस झाल्यावर ह्यांनी खाट काढून माळ्यावर टाकली. कुंड्यांनाही कुणीतरी हात घालत होतं, त्या मी राहू द्यायला सांगितल्या. खाटेच्या जागी मुलाचं शाळेतलं जुनं टेबल आणून ठेवलंय. त्यावर बचत गटाच्या वह्या असतात आणि हे असलं काहीबाही लिहिणं. स्नेक प्लांटला दोन पिल्लं आली, त्यातलं एक गटातल्या त्या कडीबद्दल विचारणारीला दिलं. तिने ते कुठे ठेवलं ते मी विचारलेलं नाही.

अनंत मात्र शेवटी मी अंगणात नेला. एमिलीला बर्फापायी त्याला काचेत ठेवावं लागलं, आपल्याकडे त्याला कशाला कोंडायचं? जमिनीत लावला, आणि या जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर अकरा फुलं आली. रोज एक तोडून वाटीभर पाण्यात घालते आणि खिडकीत, मनीप्लांटशेजारी ठेवते. तेवढ्या एका फुलाने रात्रभर खोली घमघमते.